आईचं लिंबू आणि उत्तरेचा बाण

ती. अक्का,

तुझ्या धाकट्या, निवृत्त आणि (तुझ्या मते) झाडांच्या बाबतीत जन्मापासून नालायक असलेल्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझं पत्र परवा पोचलं. गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून फार बरं वाटलं, आणि तोच गुडघा घेऊन तू आमचे तीन जिने चढणार आहेस हे पुढच्या ओळीत वाचून, तेही बरंच वाटलं म्हण. जावईबापूंचं घोरणं, भाचीची नवी नोकरी आणि तुझ्या कानातलं ते मधूनच शिट्टी मारणारं यंत्र, सगळं ठीक ना? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या भावजयीची पाठ अधूनमधून कुरकुरते, पण ती स्वतः कुरकुरत नाही, त्यामुळे आम्हाला कळायला दोन-तीन दिवस लागतात. फोन करायचा सोडून हा पत्र का लिहीत बसला, असं तू विचारशील. फोनवर तू माझं बोलणं ऐकत नाहीस, आवाज ऐकतेस, आणि तिसऱ्याच वाक्याला 'काय लपवतोयस?' म्हणून उलटतपासणी सुरू करतेस. पत्रात माणसाला चार वाक्यं सलग बोलता येतात.

तू लिहिलंयस, पुढच्या नाही त्याच्या पुढच्या रविवारी येते, आणि तुम्हाला बघायला नाही, आईच्या लिंबाला बघायला येते. बरं असलं तर राहू देते, नसलं तर घेऊन जाते, लेकीच्या नव्या घराला गच्ची आहे. अक्का, हे वाचून मला दम दिल्यासारखं वाटलं. आईनं खाऊन टाकलेल्या लिंबाची बी पत्र्याच्या डब्यात खोचली त्याला बावीस वर्षं झाली. त्या झाडानं कधी फूल दिलं नाही, फळ तर सोडच. तरी शेवटच्या दोन वर्षांत ती पलंगावरून रोज सकाळी तुला विचारायची, "कळी आली का गं?" आणि तू रोज सांगायचीस, "येईल." ते झाड तू दीड वर्षापूर्वी लेकीकडे राहायला जाताना माझ्या हातात दिलंस. देताना तू 'फळाचं बघू नकोस, जगव एवढंच' असं म्हणालीस. तुझा तेव्हाचा चेहरा मी विसरलेलो नाही. समोर मी उभा असून कुण्या परक्याच्या हाती मूल देतेय असा तो चेहरा होता. मला ठाऊक आहे, तुला ते पावट्याचं प्रकरण आठवत होतं. मी आठ वर्षांचा असताना तू लावलेले पावटे रोज उपटून, मुळं पट्टीने मोजून, परत खोचत होतो. पावटे मेले हे खरं, पण मोजमापाची वही अजून माझ्याकडे आहे आणि त्यातले आकडे बिनचूक आहेत.

तर आता बागेकडे वळतो. अक्का, तू बघशील तर ओळखणार नाहीस. घरात आणि घराबाहेर मिळून माझ्याकडे आज त्रेसष्ट कुंड्या आहेत (त्यातल्या अकरा म्हणजे मुळात स्वयंपाकघरातली पातेली, पण त्यावरून झालेली बोलाचाली आता मिटली आहे). काढून टाकलेल्या वॉशबेसिनमध्ये पुदिना लावलाय, तो असा माजलाय की नळाच्या भोकातून खाली उतरून त्यानं शेजारची कुंडी बळकावली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते उभ्या पट्ट्यांसारख्या पानांचं झाड ठेवलंय, ज्याला महिनाभर पाणी विसरलं तरी ते मनाला लावून घेत नाही. न्हाणीघरात मनीप्लँटनं आरशाला वेढा घातलाय, त्यामुळे मी दाढी आता पानं बाजूला सारून करतो. प्रत्येक कुंडीला पाटी आहे. पाटीवर झाडाचं नाव, क्रमांक आणि लावल्याची तारीख, तीही नकाशाखान्यात चौतीस वर्षं ज्या अक्षरात नद्या-नाले लिहिले त्याच सुबक, उभ्या अक्षरात. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई परवा म्हणाल्या, काका, झाडापेक्षा पाटीकडेच बघत राहावंसं वाटतं. मी ते कौतुक समजून घेतलं आहे.

भोपळ्याचं तर तुला सांगायलाच हवं. फाटकाशेजारी भिंतीलगत हातभर मातीची पट्टी आहे. इतकी वर्षं तिथे सायकलींशिवाय काही उगवलं नव्हतं. मी तिथे भोपळ्याच्या चार बिया टाकल्या. एकीनं मनावर घेतलं. वेल भिंतीवर गेला, भिंतीवरून उघड्या फाटकावर गेला, आणि बरोबर दोन गजांच्या मधे त्यानं एक भोपळा धरला. लिंबाएवढा असताना कुणाचं लक्ष गेलं नाही. नारळाएवढा झाला तेव्हा वॉचमननं फाटक ओढून पाहिलं, तर भोपळा गजांत पक्का बसलेला आणि वेल भिंतीच्या पाइपाला गुंडाळलेला, त्यामुळे फाटक तसूभर हलेना. तीन आठवडे आमच्या इमारतीचं फाटक बंद झालं नाही, अक्का! सेक्रेटरींनी 'संबंधितांनी भोपळा त्वरित हटवावा' अशी सूचना फळ्यावर लावली. मी तिच्याखाली भोपळ्याचा घेर रोजच्या रोज लिहीत गेलो. लोक कामावर जाताना आधी आकडा वाचायचे. शेवटी तो गजांत अडकलेलाच, जागेवर चिरावा लागला. आतला अर्धा मला मिळाला आणि बाहेरचा अर्धा सेक्रेटरींनी नेला, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो सार्वजनिक रस्त्यावर होता. असा भोपळा या इमारतीत दुसऱ्या कुणाचा झाला असेल तर दाखव.

हे सगळं आपोआप झालं असं मात्र समजू नकोस. दहा महिन्यांपूर्वी निवृत्त झालो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाट्या, पेन्सिली आणि मोठा कागद काढून बसलो. तोवर ह्या घरात जी चार-दोन झाडं होती (आईचं लिंबू धरून) त्यांना तुझी भावजय पाणी घालायची, आणि ती कुठे ठेवायची याला काही धरबंधच नव्हता. जिथे मोकळी जागा दिसली तिथे कुंडी. मी दीड महिना खपून सबंध घराचा नकाशा काढला. वीस पट लहान, प्रत्येक खिडकी, प्रत्येक कट्टा मोजून. त्यावर सूर्याचा मार्ग ठिपक्यांनी दाखवला. कुठे किती तास ऊन ते रंगाने भरलं. असा नकाशा साहेबांच्या टेबलावर गेला असता तर त्यांनी चष्मा पुसला असता. आणि त्या नकाशावरून अगदी स्वच्छ दिसत होतं, की आपली बाल्कनी उत्तरेला आहे, तिथे ऊन येणं शक्य नाही, म्हणून सावलीतली झाडं तिथे ठेवायची. मागची खोली दक्षिणेला, तिथे दिवसभर ऊन, म्हणून टोमॅटो, मिरच्या आणि आईचं लिंबू तिथल्या खिडकीत. लिंबू हलवताना मी त्याची पानं मोजून वहीत लिहिली. दोनशे अकरा.

त्यानंतर सात महिने मी कागदाप्रमाणे चाललो. बाल्कनीतले फर्न तर असे हिरवेगार झाले, की दंतवैद्य बाईंनी दोन मागून नेले. मागच्या खोलीत मात्र टोमॅटो शर्टाच्या बटणाएवढे येऊन तिथेच थांबले. मिरच्या आल्याच नाहीत. माझ्या लक्षात आलं, की यंदा एकूणच ऊन कमी पडलंय. मी वर्तमानपत्राला तशी दोन पत्रंही लिहिली. नकाशा पुढ्यात ठेवून सप्रमाण दाखवलं, की ज्या खिडकीत सहा तास ऊन असायला हवं तिथे ते अजिबात पोचत नाही, तेव्हा या विषयावर जाणकारांनी प्रकाश टाकावा. एकही छापलं नाही. दुपारी मी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचो तेव्हा घामानं सदरा चिकटायचा, हे खरंय. पण अक्का, कागदावर तिथे सावली होती. चौतीस वर्षं ज्यानं कागदावर भरवसा ठेवला त्यानं एका सदऱ्याचं किती ऐकावं?

मग दोरीचा विषय निघाला. तुझी भावजय बाल्कनीत फर्नांच्या डोक्यावरच रोज ओल्या चादरी वाळत घालायची. एवढी नेटकी मांडणी, पाट्या, आणि वर उशांचे अभ्रे! मी तिला नकाशा उलगडून समजावलं, की कपडे उत्तरेला वाळवणं म्हणजे वेडेपणा आहे, दक्षिणेच्या खोलीत निम्म्या वेळात वाळतील. तिनं नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता दोरी सोडून माझ्या हातात दिली. (तिचं हे काही न बोलणं मी तीस वर्षांत नीट वाचायला शिकलो नाही, ही माझी चूक मी मान्य करतो.) दोरी मागच्या खोलीत गेली. चौथ्या दिवशी फर्न पार करपून कागदासारखे वाजायला लागले, आणि त्याच दिवशी मी कुबट वासाचा दमट सदरा घालून दूध आणायला गेलो. परत आलो तो फर्नांपाशी उभा राहून कपाळाला हात लावला. तेव्हा ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "बावीस वर्षं मी इथे कपडे वाळत घालतेय. ऊन कुठून येतं ते मला कुणी विचारलं का?"

मी नकाशा परत उघडला. आणि अक्का, तुला म्हणून सांगतो, मला घाम फुटला. मी घर काढलं ते बाल्कनी कागदाच्या वरच्या बाजूला धरून, कारण बसलो होतो तिच्याकडे तोंड करून. आणि काढून झाल्यावर, उजव्या कोपऱ्यात, माझ्या हातानं आपोआप वर टोक केलेला बाण काढून त्यावर 'उ' लिहिला. आपोआप! चौतीस वर्षं प्रत्येक कागदाच्या त्याच कोपऱ्यात तो बाण काढला, तो हात निवृत्त झाला हे त्याला कुणी कळवलं नव्हतं. बाल्कनी दक्षिणेला आहे. नव्यानं आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी बजावायचो, की बाबांनो, कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर नव्हे, बाहेर जाऊन बघून या. मी स्वतः बाहेर जाऊन पाहिलं नाही. आणि पाहणार तरी कधी? सकाळी आठला घर सोडायचं, संध्याकाळी साडेसहाला परत. रविवारी दुपारी झोप. बावीस वर्षं ह्या घरात राहतो म्हणतो, पण दुपारी बारा वाजता ते कसं दिसतं हे मला आता आता कळलं. फर्न वाढले होते ते माझ्या नकाशामुळे नव्हे, ओल्या चादरींच्या सावलीमुळे.

तरीही मी असं म्हणेन, की स्वतःची चूक स्वतःच्या बिनचूक नकाशावरून शोधता आली, हे काही कमी नाही. त्याच संध्याकाळी मी जुन्या बाणावर एक फुली मारली आणि खाली टोक केलेला नवा, झोकदार बाण काढला. सूर्याचे ठिपके आणि उन्हाचे रंग सोडले तर बाकीची एक रेघही बदलावी लागली नाही! कुंड्यांची अदलाबदल करायला दोन दिवस लागले. दोरी जागेवर गेली. दंतवैद्य बाईंनी नेलेल्या दोन फर्नांपैकी एक मला परत दिला, तो आता चादरींखाली पुन्हा फुटतोय. टोमॅटो सुपारीएवढे झालेत. लिंबालाही हवापालट म्हणून बाल्कनीत आणलंय, त्याला सहा आठवडे झाले. एकूण बाग जोरात आहे, मी जोरात आहे, आणि तुझ्या मनात त्या पावट्यांपासून जी शंका घर करून बसलीय ती आता तू काढून टाकावीस, असं मला मनापासून वाटतं. जावईबापूंना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. एक सांगायचं राहिलं. पुढच्या नाही त्याच्या पुढच्या रविवारी आमच्या जिन्याला रंग लावणार आहेत म्हणे. ओल्या कठड्याला धरून तीन मजले चढणं तुझ्या गुडघ्याला सोसायचं नाही. त्यापेक्षा दोन महिन्यांनी ये. हवाही तेव्हा चांगली असते.

ता. क. २. वरचं खोडणार होतो, पण शाईनं लिहिलंय आणि पान खराब होईल. रंगाचं खरं नाही. अक्का, लिंबाला एकोणीस पानं आहेत. दोनशे अकराची एकोणीस. मी त्याला सात महिने अंधारात ठेवलं आणि रोज जाऊन विचारत राहिलो, की एवढ्या उन्हात तुला झालंय तरी काय. पडलेलं एकेक पान मी वहीत चिकटवलंय, तारखेसकट. आईनं एका बीपासून वाढवलं, तू तिच्या आजारपणात सांभाळलंस, आणि मी सगळं शिकून-सवरून, नकाशा काढून, त्याला या दशेला आणलं. मला फार लाज वाटते. तू ते नेणार असशील तर तुझं बरोबरच आहे, पण मला दोन महिने दे. त्याला पानं फुटलेली बघ आणि मग ने. उघडीबोडकी फांदी तुझ्या हातात द्यायला माझा हात होणार नाही. पत्र लिहायचं कारण एवढंच होतं. भोपळ्याचं सगळं खरं आहे.

ता. क. ३. आत्ता पाकीट शोधायला उठलो तर पुन्हा एकदा झाडाकडे जाऊन आलो. नवंच संकट उभं राहिलंय. शेंड्याजवळ पानांच्या बगलेत जांभळट रंगाच्या बारीक, टणक गाठी आल्या आहेत. कीड असणार, दुसरं काय? एवढं कमी होतं म्हणून! पण तू घाबरू नकोस. नकाशाखान्यातला माझा बारीक चिमटा अजून जपून ठेवलाय, उद्या सकाळी चहा झाला की एकेक गाठ अलगद काढून टाकतो. झाडाला ओरखडाही येणार नाही.

(मागच्या बाजूला, पेन्सिलीने)

वन्सं, नमस्कार. पाकिटाला डिंक लावायला माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी लिहिते.

ठरल्या रविवारीच या. दोन महिने थांबू नका. त्या गाठी नाहीत, कळ्या आहेत. माझ्या माहेरी मागच्या दाराशी लिंबाचं झाड होतं, मला कळ्या ओळखता येतात. पाच आहेत. पट्टी न लावता मोजल्या.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सासूबाई रोज सकाळी तुम्हालाच विचारायच्या, तेव्हा आधी तुम्ही बघाव्यात असं मला वाटलं. दाखवायचं तेही तुम्हीच दाखवा. झाड मात्र न्यायचं म्हणू नका. सहा आठवडे हे सकाळचा चहा त्याच्याशेजारी उभं राहून घेतात, आणि तो गार झालेलाही ह्यांना कळत नाही.

चिमटा मी पिठाच्या डब्यात खाली घालून ठेवलाय. उद्या घरभर शोधतील, शोधू देत. आणि झाडापुढे मोठी चादर वाळत घातली आहे, म्हणजे घरातून शेंडा दिसत नाही. उन्हाची काळजी करू नका. चादर उत्तरेच्या बाजूला आहे.